दुसऱ्या डब्यातली तूर

मॅडम, तुमचे दोन्ही डबे माझ्याकडे आहेत.

तुमच्या तेराव्याच्या जेवणानंतर दिलीपरावांनी, तुमच्या मिस्टरांनी, ते पिशवीत घालून आतून आणले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. "सर, आमच्या घरात याचं कुणाला काय कळणार? तुमीच घेऊन जा," एवढं बोलून ते पुन्हा आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी किनवटपासून नांदेडपर्यंत, आणि नांदेडला गाडी बदलून लातूरपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मामा, वर ठेवा की." ठेवली नाही. एरवी तो मला मामा म्हणाला याचंच मला जास्त वाईट वाटलं असतं.

मोठा डबा दूधपावडरचा, लहान बिस्किटांचा. दोन्हींवर तुमच्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं आहे. मोठ्यावर 'दिसले म्हणून गेले'. लहानावर 'यांची चूक नाही'. आत तूर. किल्लारीची, तुमच्या माहेरच्या शेतातली. पांढरी, लाल आणि काळपट. आश्रमशाळेत आपण एका टेबलावर बसून दहा वर्षं विज्ञान शिकवलं, आणि दहाही वर्षं मी तुम्हाला या तुरीवरून चिडवलं. स्वयंपाकाच्या मावशीही चिडवायच्या. "मॅडम, ह्या तुरीचं कधी वरण व्हायाचं हाय का न्हाई?" तुम्ही म्हणायचात, "तिचं शिक्षण चालू हाय अजून, मावशी."

मला रडू आलं ते तेराव्याला नाही. तुमच्या घरासमोर मांडव होता, माणसं होती, मी पाण्याचे जग उचलत फिरत होतो. रडू आलं ते घरी आल्यावर, लहान डब्याचं प्रवासात घट्ट बसलेलं झाकण उघडेना म्हणून चमच्यानं उचकटताना. बायको म्हणाली, राहू द्या, सकाळी बघू. मला ते तेव्हाच उघडायचं होतं.

तुम्हाला नैसर्गिक निवड शिकवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर तक्रार करायला आलो होतो. दहावीचा वर्ग माझा. तास माझा. आणि माझी पोरं शाळेमागच्या मैदानात तुमच्या भोवती उकिडवी बसलेली. मध्ये एक काळं घोंगडं. त्यावर तीन रंगांची तूर सारख्या मापानं पसरलेली. पाच पोरं पक्षी झालेली. तुम्ही दहा म्हणेपर्यंत त्यांनी चिमटीनं एकेक दाणा उचलायचा, दिसेल तो. दहा झाले की हात वर. मग घोंगडं झटकायचं, उरलेले दाणे मोजायचे, आणि उरलेल्या प्रत्येकाला त्याच रंगाचं एक लेकरू द्यायचं. पुन्हा पसरायचं, पुन्हा पक्षी. चार फेऱ्या झाल्या आणि पांढरे जवळजवळ संपले. घोंगड्यावर काळपट दाण्यांचीच गर्दी. मग तुम्ही तोच खेळ लाल मुरमावर मांडला आणि तिथं लाल उरले. पोरं ओरडत होती. जी पोरं माझ्या तासाला खिडकीबाहेर जाणाऱ्या रेल्वेचे डबे मोजायची, ती दाणे मोजत होती.

"मॅडम, तुमी काय करून राहिल्या?" मी जरा जोरातच विचारलं.

"तुमचा धडा, सर. दोन मिनिटात देते परत."

त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही माझी वही पाहिली. मी वर्षानुवर्षं एकच उदाहरण द्यायचो. जिराफाला उंचावरचा पाला खायचा होता, त्यानं मान ताणली, ताणली, आणि ती लांब झाली. पोरांना आवडायचं. तुम्ही वही मिटली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "सर, घोंगड्यावर कोणत्या दाण्यानं रंग बदलला का? पांढरा शेवटपर्यंत पांढराच होता. फक्त उरले कोण, ते बदललं." बी.एस्सी., बी.एड. होऊन एवढी वर्षं शिकवल्यावर मला समजलं की मी ते उलटं शिकवत होतो. तुम्ही ते स्टाफरूममध्ये कधी बोलला नाहीत. मीही तुमचे आभार मानले नाहीत, उलट आठवडाभर घुश्श्यात होतो. आज मानतो. उशीर झालाय हे माहीत आहे.

पण आपलं खरं भांडण तुरीवरून नव्हतं. ते मुठीवरून होतं.

तुमच्या खेळात एक गोष्ट मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही. प्रत्येक फेरीनंतर, लेकरं द्यायच्या आधी, तुम्ही एका पोराच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचात. त्यानं घोंगड्यावर कुठंही हात टाकायचा आणि एक मूठ उचलायची. काळे, लाल, पांढरे, जे येतील ते. ती आंधळी मूठ. पक्ष्यांनी उचललेले दाणे मोठ्या डब्यात जायचे आणि पुढच्या वर्गाच्या खेळात परत यायचे. मुठीतले दाणे लहान डब्यात जायचे, ते कधीच परत यायचे नाहीत. मूठ आपल्याला मिळावी म्हणून पोरं धडपडायची, आणि मिळाली की घाबरायचीही. मी एका मुलाला मुठीत आलेला दाणा हळूच परत ठेवताना पाहिलंय. तुम्हीही पाहिलं होतं, आणि तसंच राहू दिलं होतं.

या मुठीनं खेळाचा पार विचका व्हायचा. एका वर्षी तर घोंगड्यावर काळपट चारच दाणे राहिले होते आणि ते चारही मुठीत गेले. काळ्या घोंगड्यावर पांढरे जिंकले! पोरं हसून लोळली, आणि मी कपाळाला हात लावला.

"मॅडम, ही मूठ काढून टाका. पोरांचा गोंधळ होतो. परीक्षेत आंधळी मूठ येत नाही."

"परीक्षेत नसती येत, सर. गावात येती."

"निवड शिकवायची आहे की नशीब?"

"दोन्ही. आन् दोन्ही येगळी असतात, ते शिकवायचंय. न्हाई तर पोरं समजतील, जे गेले ते कमीच होते."

मी म्हणायचो, तुम्ही हट्टी आहात. तुम्ही म्हणायचात, हाव, आहे. दरवर्षी हेच भांडण, त्याच टेबलावर, चहा गार होईपर्यंत. मी शास्त्राच्या बाजूनं बोलतोय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात शास्त्रात तुमची मूठही आहे. थोडेच जीव उरले असतील तर निव्वळ योगायोगानं चांगले गुणही निघून जातात, हे मी नंतर वाचलं. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. तुम्हाला फोन करून सांगितलं नाही. हरल्याचं कबूल करायला मला नेहमीच वेळ लागतो.

मग मी लातूरला आलो. इथं मार्कांशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मी त्यात मजेत रुळलो. जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांचं एक प्रशिक्षण माझ्याकडं आलं तेव्हा मला तुमची आठवण झाली. खरं सांगू? आठवण झाली ती खेळाची. तुम्हाला बोलावलं, तुम्ही दिवसभराचा प्रवास करून आलात, डबे आणि घोंगडं घेऊन. आणि चहाच्या सुट्टीत मी तुम्हाला म्हणालो, "मॅडम, आज मूठ गाळू या. वेळ कमी आहे."

वेळ भरपूर होता. मला चाळीस शिक्षकांसमोर विचका नको होता.

"तुमचा कार्यक्रम हाय, सर," तुम्ही म्हणालात आणि मागच्या रांगेत जाऊन बसलात.

खेळ मी घेतला. दाणे कमी पडतील म्हणून दोन्ही डबे एकाच ताटात ओतले. दहा वर्षांत एकेका मुठीनं साठलेला लहान डबा मी सहज ओतला. त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं, तरी ओतला. निकाल झकास आला. चौथ्या फेरीला घोंगड्यावर पांढरा दाणा औषधालाही राहिला नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सक्षम तेच उरतात'. टाळ्या पडल्या. एक जण उठून म्हणाला, सर, आयुष्याचं सार सांगितलंत. मी मान झुकवली. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी परत आलो तेव्हा तुम्ही फरशीवर बसला होता. ताट पुढ्यात. डोळे मिटून तुम्ही एक मूठ उचलत होता आणि लहान डब्यात टाकत होता. पुन्हा डोळे मिटून एक मूठ. मी हसलो. "अहो मॅडम, कोणते दाणे कुठले ते आता कुणाला कळणार?" तुम्ही डोळे उघडले नाहीत. "म्हणून तर," म्हणालात.

नंतर स्टँडवर, नांदेडच्या गाडीची वाट बघताना, तुम्ही ते सांगितलंत. बाकावर आपल्या दोघांच्या मध्ये पिशवी होती. समोर एक बाई पेरू विकत होती आणि तुम्ही तिच्याकडे बघतच बोललात.

"सर, मी उरले ते सक्षम म्हणून न्हाई."

तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. किल्लारीत तुमचं घर दगडाचं, वर मातीचं जाड माळवद, सगळ्यांचं असायचं तसंच. अंगणात एक बाज होती आणि त्या बाजेवर तुमच्या आजोबांजवळ एकालाच जागा व्हायची. तुम्हाला तिथं झोपायचं होतं, तुमच्या शकुअक्काला पण. ती बारा वर्षांची. त्या दिवशी पाळी तिची होती. तुम्ही रडलात, पाय आपटलेत, शेवटी आई वैतागून म्हणाली, जाऊ दे गं शकू, तू मोठी हायस. अक्का आत गेली. जाताना तुम्हाला एक चिमटा काढून गेली. पहाटे भूकंप झाला आणि घर खाली आलं.

"समदे म्हणायचे, पोरीची पुण्याई म्हणून वाचली. मंग अक्काची न्हवती का? ती माझ्यापेक्षा हुशार हुती, सर. पोहायला येत हुतं तिला. मला तर अजून येत न्हाई. तिनं काय कमी केलं हुतं?" मग अगदी हळू म्हणालात, "पाळी तिची हुती."

आणि तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. पहिल्यांदाच.

मी म्हणालो, "गाडी लागली वाटतं."

मॅडम, पन्नाशी ओलांडलेला, बोलघेवडा म्हणून नाव असलेला माणूस, आणि मला एवढंच सुचलं. तुम्ही पिशवी उचललीत, येते सर म्हणालात, आणि निघालात. त्यानंतर आपण कितीदा तरी फोनवर बोललो. प्रश्नपत्रिकांवर, तुमच्या पाठदुखीवर, नव्या पुस्तकातल्या चुकांवर. त्या बाकावरचं पुन्हा कधी निघालं नाही. मी फळ्यावर लिहिलेल्या त्या ओळीबद्दल माफी मागितली नाही. मनात तयार केली होती, अनेकदा. दर वेळी वाटायचं, प्रत्यक्ष भेटल्यावर मागू.

शेवटचा फोन तुमचाच होता. "दहावीचा धडा घेऊन राहिले पुढच्या आठवड्यात. येता का? यंदा मूठ तुमी काढा."

"सराव परीक्षा संपू द्या, मॅडम. मग नक्की."

"तुमची परीक्षा काय संपत न्हाई, सर," म्हणून तुम्ही हसलात.

पुढच्या आठवड्यात वर्गातच तुम्ही खाली बसलात, डोकं धरून. डोक्यातली शीर फुटली होती. तुम्हाला नांदेडला आणलं तेव्हा मी लातूरहून पोचलो, पण तुम्ही शुद्धीवर नव्हता. दोन दिवस मी दवाखान्याच्या जिन्यात कारण शोधत बसलो होतो. मी प्रत्येकाला विचारत होतो. बी.पी. होतं का? पाठदुखीच्या गोळ्यांनी झालं असेल का? जागरण? आधी आणलं असतं तर? डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्याएवढे असतील. ते माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "सर, असं कुणालाही होतं. कुणाचं काही चुकलेलं नसतं." मला त्यांचा राग आला. असं कसं, कारण असलंच पाहिजे, मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक आहे मी. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. चाळिशीच्या तुम्ही. मी आहे, मला बी.पी. पण आहे, शुगर पण आहे.

तेराव्याला तुमचे मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, उद्याचा दिवस थांबा. दहावीचा तो धडा अर्धाच राहिलाय. पोरं कुणाला शिकवू देईनात." म्हणून मी मुक्कामाला राहिलो. सकाळी डबे घेऊन वर्गावर गेलो. घोंगडं फळ्याखाली घडी करून ठेवलेलं होतं. मी मांडलं, तूर पसरली, पाच पक्षी बोलावले. पोरं आली, उकिडवी बसली, पण कुणी ओरडेना. दहा म्हणेपर्यंत निमूट दाणे उचलत होती. मला वाटलं, दुःख आहे, साहजिक आहे.

फेरी संपली. मी खिशातून माझा रुमाल काढला. पुढं बसलेल्या एका मुलीच्या, तुमच्या लाडक्या सुमित्राच्या, डोळ्यांवर बांधला. तिनं हात टाकला, मूठ उचलली, आणि तशीच धरून बसली. उघडेचना.

"काय झालं गं?"

"सर, एक विचारू का?"

"विचार की."

रुमालाखालून तिच्या गालावर पाणी आलं. "त्या दिवशी मॅडम आमच्यावर लई ओरडल्या हुत्या. आमी लई गोंधळ घातला. मीच लई बोलत हुते. मंगच त्या खाली बसल्या. त्यांची शीर आमच्यामुळंच फुटली का, सर?"

मी वर्गाकडं पाहिलं. एकानंही मान वर केली नाही. पंधरा-सोळा दिवस ती सगळी पोरं हे घेऊन वसतिगृहात जेवत होती, झोपत होती, आणि आम्ही मोठी माणसं मांडवात खुर्च्या लावत होतो.

मला 'गाडी लागली वाटतं' असं म्हणता आलं असतं. घंटा झाली म्हणता आलं असतं. मी तिचा रुमाल सोडला, लहान डबा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "वाच काय लिहिलंय."

"यांची चूक न्हाई."

"मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं वाचलं. मग मी म्हणालो, "मॅडमची चूक नव्हती. आणि तुमची पण नाही. ओरडल्यानं शीर फुटत असती तर मी कवाच गेलो असतो, विचारा तुमच्या मोठ्या भावांना." मागून कुणीतरी नाक ओढत हसलं. डॉक्टरांनी मला सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं, जसंच्या तसं, आणि सांगताना मला पहिल्यांदा ते पटलं. सुमित्रानं मूठ उघडली. तीन पांढरे, एक लाल, पाच काळपट. तिनं ते एकेक करून डब्यात टाकले. उरलेल्या फेऱ्या आम्ही खेळलो. चौथ्या फेरीला जरा आरडाओरडाही झाला. निकाल चांगला आला नाही, लाल आणि काळे सारखेच उरले, आणि मी तो तसाच फळ्यावर लिहिला.

जाताना सुमित्रा दारापर्यंत आली. "सर, आधी कुणी सांगितलंच न्हाई आमाला," म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं तेव्हा मला लातूरच्या त्या बाकावरचा तुमचा चेहरा आठवला. तुम्ही माझ्याकडं का पाहिलं होतं ते तेव्हा कळलं. अक्काची चूक नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतंच, तुम्ही ते डब्यावर लिहून ठेवलं होतं. तुम्हाला दुसरं ऐकायचं होतं, आणि ते स्वतःचं स्वतः लिहिता येत नाही.

मॅडम, त्या दिवशी गाडी लागलेली नव्हती. तुम्ही उठून गेलात ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसलात आणि आणखी वीस मिनिटं तिथंच होता. मी खांबाआड उभा राहून ते पाहिलं आणि आलो नाही. आज येतो. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात आणि तुम्हाला आजोबांजवळ झोपायचं होतं. तुमची चूक नव्हती.